‘पंच-ड्रंक लव्ह’ हा सिनेमा काही जणांना इतका का आवडतो आणि काहींना असह्य का होतो?

तुम्ही लिहिलंय की विनोदी प्रेमकथा म्हणून सिनेमा लावलात, अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं, आणि तरी काही लोक त्याला आपला सर्वांत आवडता प्रेमपट म्हणतात, हे कोडं सुटत नाही. मी त्या काही लोकांपैकीच आहे. पण तुमचं डोकं दुखलं यात तुमचं काही चुकलेलं नाही. ते दुखावं अशीच त्या सिनेमाची रचना आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. सिनेमाचा नायक बॅरी इगन चिडतो तेव्हा तुम्हाला हसू येतं, भीती वाटते की त्याची कणव येते? माझ्या मते सगळी फाटाफूट तिथे होते.

त्यात ॲडम सँडलरचा मोठा वाटा आहे. १९९६चा ‘हॅपी गिलमोर’ आठवून पाहा. नायकाचं डोकं फिरतं, तो कोणाला तरी बदडतो आणि आपण खळखळून हसतो. या सिनेमाचा दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसनने २००२ मध्ये तोच नट घेतला, तोच संताप घेतला आणि त्यातलं हसू काढून घेतलं. नेहमीचा सँडलर बघायला गेलेल्यांना फसवल्यासारखं वाटलं असणार. अमेरिकेत सिनेमागृहातल्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोरमध्ये या सिनेमाला ‘डी प्लस’ मिळाला, म्हणजे फारच खालची श्रेणी. त्याच वर्षी कान महोत्सवात अँडरसनला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता, कोरियाच्या इम क्वोन-टेक यांच्यासोबत विभागून. म्हणजे तुमच्या आणि तुमच्या मित्रांमध्ये चाललेला वाद पहिल्याच वर्षी सुरू झाला होता.

बहिणीच्या घरच्या पार्टीचा प्रसंग पुन्हा एकदा पाहा. बॅरीला सात बहिणी. लहानपणी त्याला काय चिडवायचो आणि त्याने चिडून काचेच्या दारावर हातोडा कसा फेकला, हे त्या त्याच्यादेखत रंगवून सांगतात. सगळे हसतात, तोही कसनुसं हसतो. थोड्या वेळाने तो लाथा मारून काचेची दारं फोडतो. मग मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणतो की मला कधीकधी मी स्वतःच आवडत नाही, तुम्ही डॉक्टर आहात, काही मदत कराल का? मेहुणा म्हणतो, अरे, मी दातांचा डॉक्टर आहे. आणि बॅरीला रडू कोसळतं.

या वाक्याला कोणी हसतं, कोणाच्या घशात आवंढा येतो. मला दोन्ही एकदम झालं, आणि तेव्हापासून मी त्या माणसाची बाजू सोडली नाही. ज्यांना तिथे तो नुसता विक्षिप्त आणि धोकादायक वाटला, त्यांना पुढची प्रेमकथा पटणं कठीणच. अशा माणसाच्या प्रेमात पडू नये असं त्यांना वाटतं, आणि त्या वाटण्याला मी नावं ठेवणार नाही.

आता आवाजाबद्दल, कारण डोकेदुखीचं मूळ तिथे आहे. गोदामातला प्रसंग घ्या. बॅरी जिच्या प्रेमात पडतो ती लीना समोर उभी आहे, बहीण प्रश्नांचा भडिमार करतेय, फोन सारखा वाजतोय, पलीकडे सामान कोसळतंय आणि या सगळ्यावर जॉन ब्रायनचं ठोकठोक वाजणारं संगीत. संवाद धड ऐकू येत नाहीत अशी तक्रार होते, ती खरी आहे. पण बॅरीच्या डोक्यात अष्टौप्रहर हेच चालू असतं. दिग्दर्शक ते आपल्याला समजावून सांगत नाही, थेट भोगायला लावतो. म्हणून तो हवाईला लीनाकडे जातो आणि शेली डुव्हालने १९८०च्या ‘पॉपाय’मध्ये गायलेलं गाणं सुरू होतं, तेव्हा जो मोकळा श्वास मिळतो तो फार गोड लागतो. आधीचा गोंगाट सोसला नसेल तर ते नुसतं एक जुनं गाणं आहे.

बॅरीने पुडिंगचे डबे घेऊन विमानप्रवासाचे माइल्स, म्हणजे फुकट प्रवासासाठीचे गुण, जमवणं हे अनेकांना ओढूनताणून आणलेलं वाटतं. ते चक्क खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने १९९९ मध्ये अशाच योजनेतून बारा लाखांहून अधिक माइल्स मिळवले होते.

न आवडणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. लीनाला बॅरीच का हवा? तिने त्याचा फोटो पाहिला होता, गाडीचं निमित्त करून ती मुद्दाम भेटायला आली होती, एवढं सिनेमा सांगतो. लीना झालेली एमिली वॉटसन नुसत्या नजरेतून बरंच काही भरून काढते, पण लीनाचं स्वतःचं एकटेपण लिहिलेलंच नाही. आपण पूर्ण वेळ बॅरीच्या डोक्यात असल्यामुळे ती आपल्याला तो पाहतो तेवढीच दिसते. हे कारण म्हणून ठीक आहे, पण उणीव ती उणीवच. तिची दहा मिनिटं जास्त असती तर पंचाण्णव मिनिटांचा हा सिनेमा मला आणखी आवडला असता.

तुम्हाला पुन्हा पाहायचा असेल तर एकट्याने, चांगल्या हेडफोनवर पाहा आणि हसायची अपेक्षा न ठेवता सुरुवात करा. दातांच्या डॉक्टरच्या प्रसंगापर्यंत थांबा. तिथेही बॅरीबद्दल काहीच वाटलं नाही तर खुशाल बंद करा. पुढे तुमचं मत बदलेल असं मला वाटत नाही.