एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्ट पिकची, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या क्रमांकाची, अदलाबदल करताना त्याची किंमत कशी ठरवतात?

सरळ सांगायचं तर तक्ता काढून. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज या संघाने प्रत्येक पिकला गुण लावले: पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २६००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो तक्ता आजही ओळखला जातो. दोन्ही पारड्यांतले गुण साधारण जुळले, की सौदा पटला. पुढच्या वर्षीचं पिक असेल तर ढोबळमानाने एक फेरी खालचं धरतात (एका फेरीत साधारण प्रत्येक संघाला एक पिक). उधारीच ती, भाव पडणारच.

पण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) हवा असला की तक्ता गुंडाळून ठेवतात. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाला क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी दुसरं पिक हवं होतं. त्यांनी सहावं (१६००) आणि एकोणचाळिसावं (५१०) दिलं. कमी पडले फक्त ४९० गुण, पण त्यापोटी पुढच्या दोन्ही वर्षांची पहिल्या फेरीची पिकं गेली! ग्रिफिनचा पहिला हंगाम झकास झाला, मग गुडघ्याने घात केला.

मला स्वतःला हा तक्ता वरच्या पिकांना फार डोक्यावर बसवतो असं वाटतं. अर्थतज्ज्ञ मॅसी आणि थेलर यांनीही हेच दाखवलंय: पगाराच्या तुलनेत कामगिरी पाहिली तर दुसऱ्या फेरीतले खेळाडू जास्त परवडतात. अर्थात २०११ पासून नवख्यांच्या पगारावर मर्यादा आल्याने वरची पिकंही पूर्वीइतकी महाग पडत नाहीत.