चौतिशीत कथक, आणि गणपतीत नाच बसवायचाय? आधी टाळी द्यायला शिका

तुमचे प्रश्न तीन. वय ३४, आजवर नाच कधी शिकला नाही, आता सुरू केलं तर जमेल का? कथक घ्यावं की भरतनाट्यम? आणि आठ महिन्यांनी सोसायटीच्या गणपतीत आठ बायकांचा नाच बसवायचं तुम्ही कबूल करून बसलाय, तर ते बसवणं कुठे शिकायला मिळतं?

पहिल्याचं उत्तर मी स्वतःच आहे. मी कथकाला ३३व्या वर्षी सुरुवात केली. मुलगी तिसरीत होती, तिला क्लासला सोडायचं आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसायचं, असं वर्षभर चाललं होतं. एक दिवस शिकवणाऱ्या ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जिन्यात बसून पाय हलवताय ते दिसतंय मला. आत येऊन हलवा." त्याला आता १९ वर्षं झाली. मुलीने दहावीत नाच सोडला, माझा चालू आहे.

जमेल, पण काय जमेल ते स्पष्ट सांगते. सात वर्षांची पोर दोन महिन्यांत जे अंगात मुरवते, त्याला तुम्हाला सहा महिने लागतील. चक्कर घेताना डोकं गरगरेल, पोटऱ्या भरून येतील, शेजारची पाचवीतली मुलगी तुमच्याकडे बघून हसेल. दीड तासाचं एकल नृत्य रंगवणारी कलाकार तुम्ही बहुधा होणार नाही. मात्र मोठ्या वयात एक गोष्ट लवकर येते, ती म्हणजे हिशेब. आणि कथकात हिशेब फार आहे.

कथक की भरतनाट्यम यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत साधं आहे: घरापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याचा चांगला गुरू मिळेल ते घ्या. शरीराचा फरक मात्र समजून घ्या. भरतनाट्यमात गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं, त्याला अरैमंडी म्हणतात, आणि बरचसं नृत्य त्याच बैठकीत चालतं. कथकात आपण सरळ उभे असतो. गुडघे कुरकुरत असतील तर हा फरक लहान नाही. भरतनाट्यम 'आपलं' नाही असं कुणी म्हणालं तर त्याला तंजावरची आठवण करून द्या. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा क्रम ज्यांनी बांधला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरच्या मराठे राजांच्या पदरी होते, आणि सरफोजी राजे (दुसरे) यांनी नृत्यासाठी चक्क मराठीत रचना केल्या. पुण्यात राहत असाल तर कथकाची बाजू जड आहे, कारण रोहिणी भाटे यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती ही संस्था सुरू केली आणि त्यांच्या शिष्या, शिष्यांच्या शिष्या गल्लोगल्ली शिकवतात. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर अशा दोघांकडून बाई शिकल्या, म्हणजे लखनौ आणि जयपूर या कथकाच्या दोन्ही घराण्यांचं पाणी त्यांच्याकडे आलं. हे सगळं वाचायला छान आहे. पहिल्या वर्षी त्याने काही अडत नाही.

पहिल्या वर्षी अडतं ते तत्कारावर, म्हणजे तालात पाय मारण्यावर.

ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा डावा उजवा डावा, मग डावा उजवा डावा उजवा. लिहिलेलं वाचलं तर पोरखेळ वाटतो. करून बघा. चौथ्या मात्रेला (ठोक्याला) डावा पाय पडला आणि पाचव्यालाही डावाच मारायचा आहे. तिथे प्रत्येक नवशिका अडखळतो, कारण डावा पाय मारल्यावर अंगाचा भार तिकडेच गेलेला असतो. आठवरून पुढच्या एकवर जाताना उजव्याचं तेच. भार कुठे ठेवायचा हे पायाला एकदा कळलं की सगळं सुटतं, पण त्याला मला तीन महिने लागले. अख्खा तळवा जमिनीवर सपाट पडला पाहिजे, पाय फार उचलायचा नाही, आणि कमरेच्या वर काही हलता कामा नये. माझ्या ताई डोक्यावर वही ठेवायच्या. आणि हो, संथ लयीतलं तत्कार जलद लयीपेक्षा अवघड असतं. जलद लयीत चूक लपते.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते. क्लासमध्ये तुम्हाला पढंत करायला लावतील, म्हणजे हाताने ताल देत बोल तोंडाने म्हणायचे. बहुतेक मोठी माणसं याला लाजतात. 'नाचायला आलोय, म्हणायला नाही' असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. मीही त्यातलीच होते. पण जे तोंडात नाही ते पायात येत नाही, आणि नाच बसवणं म्हणजे काय हे मला पढंतीतूनच कळलं.

तीनताल घ्या. १६ मात्रा, १, ५ आणि १३ला टाळी, ९ला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला न्यायचा. पहिली मात्रा म्हणजे सम. सुरुवातीला शिकवतात त्यातला एक तुकडा असा:

ता थेई तत् थेई, आ थेई तत् थेई,
तिग्धा दिगदिग थेई, तिग्धा दिगदिग थेई, तिग्धा दिगदिग थेई.

पहिली ओळ आठ मात्रांची. मग तीन मात्रांचा एक बोल तीनदा, म्हणजे नऊ. आठ आणि नऊ सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची, तालाच्या पुढच्या फेरीची, सम. शेवटचा थेई बरोबर तिथे पडतो आणि बघणारा नकळत मान हलवतो. तोच बोल तीनदा घेऊन समेवर यायचं, ही तिहाई. मध्ये थांबाही घेता येतो: पाच मात्रांचा बोल, एक मात्रा गप्प, पुन्हा पाच, पुन्हा एक गप्प, पुन्हा पाच. झाले सतरा. समेवरून निघालात, समेवर आलात. पंडित बिरजू महाराज टेलिफोनवरचं बोलणंसुद्धा पायांतून ऐकवायचे, लोक हसून लोटपोट व्हायचे. त्या गमतीच्या खाली हाच हिशेब असतो. एक वही करा आणि असे चार-पाच हिशेब स्वतः मांडा. भाजी निवडताना होतात. माझे होतात.

हे कळलंय असं समजून मी एकदा चांगली तोंडावर पडले. शिकायला लागून चौथं वर्ष होतं, गणपतीच होते, आणि सात जणींना घेऊन एक गवळण बसवली होती. शेवटी तिहाई हवीच, नाहीतर कथक कसं दिसणार! तीनतालात खालीपासून उचलायची नऊ मात्रांची तिहाई माझ्या तोंडात बसलेली, तीच घातली. गवळण होती दादऱ्यात. दादरा सहा मात्रांचा, खाली चौथ्या मात्रेवर. चौथीपासून नऊ मोजा: ४, ५, ६, १, २, ३, ४, ५, ६. म्हणजे आम्ही सातही जणी ऐटीत हात वर करून उभ्या राहिलो सहाव्या मात्रेवर, आणि गाण्याची सम त्यानंतर एका मात्रेने आली. कुणी काही बोललं नाही, टाळ्याही पडल्या, पण पहिल्या रांगेत बसलेल्या ताईंनी डोळे मिटून घेतले ते मला स्टेजवरून दिसलं. पाचव्या मात्रेपासून उचलली असती तर चुकली नसती. तालीम आम्ही गाण्याचे शब्द धरून केली होती, ताल धरून नाही. एक मात्रा कमी पडतेय हे त्यामुळे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

म्हणून तुमच्या गणपतीसाठी सांगते. गाणं ठरलं की स्टेप शोधायच्या आधी ते टाळी देत चार वेळा ऐका आणि ताल ओळखा. बहुतेक गाणी केरव्यात (आठ मात्रा) किंवा दादऱ्यात निघतील. केरव्यात तीच नऊ मात्रांची तिहाई सरळ समेवरून उचलायची, पुढच्या समेवर पोचते. मग कागदावर लिहा: सुरुवातीचं वाजवणं किती आवर्तनं, धृवपद किती, कडवं किती. कडव्यांमधलं वाजवणं बहुतेकजणी जागा बदलण्यात उडवतात. तुमचं कथक दिसणार असेल तर ते तिथेच, शब्द नसतात तेव्हा.

शब्द असतात तिथे एक रोग टाळा. 'फूल' आलं की बोटांचं कमळ, 'डोळे' आलं की डोळ्यांकडे हात, 'चंद्र' आला की वर बोट. मूकबधिरांच्या बातम्या तरी बऱ्या, त्यांना निदान व्याकरण असतं. कथकात गतभाव नावाचा प्रकार आहे. एकच नर्तकी पलटा घेते आणि राधेची कृष्ण होते. तिथे ती शब्द दाखवत नसते, कोण कोणाकडे कसं बघतंय ते दाखवत असते. एका कडव्याला एकच प्रसंग ठरवा आणि तेवढाच करा.

सगळ्यांनी सगळा वेळ तेच करायचं ही दुसरी सवय. कथक मुळात एकट्याने करायचं नृत्य. त्याला समूहात आणताना काय काय करता येतं हे अहमदाबादच्या 'कदंब' या संस्थेच्या कुमुदिनी लाखियांनी दाखवलं. त्यांच्या समूहरचनांची चित्रणं मिळाली तर बघा, आणि कोण नाचतंय याच्याऐवजी त्या क्षणी कोण स्थिर उभं आहे ते बघा. तुमच्या आठ जणींत पाच जणी स्तब्ध आणि तिघी हलत्या असं केलंत, तरी नाचाचा चेहरा बदलेल. दहा हस्तक (हातांच्या हालचाली) शिकवण्यापेक्षा तीनच शिकवा आणि मनगट, कोपर, नजर यांच्यावर वेळ घाला. जिकडे हात तिकडे डोळे, हे नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या ग्रंथाइतकं जुनं आहे आणि नवख्या मंडळींत सगळ्यात आधी सुटतं तेही हेच. पहिल्या दोन तालमी बसून घ्या: फक्त टाळी आणि तोंडाने बोल. कुरकुर होईल, होऊ द्या.

चक्कर घालू नका. मांडवातल्या स्टेजवर फळ्या उघड्या नसतात, सतरंजी किंवा कार्पेट अंथरलेलं असतं. डाव्या टाचेवर फिरायला गेलात की ते पायाखाली गोळा होतं. घरी सरावही आताच नको. आधी पाच पावलांत एक फेरी अशी संथ चक्कर शिकाल, डोळे समोरच्या एका ठिपक्यावर ठेवून.

क्लास निवडताना एक तास नुसतं बसून बघा. सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनीकडे बघू नका, ती कुठेही चांगलीच नाचली असती. तिसऱ्या ओळीतल्या मुलीचे पाय बघा. मुलांना पढंत करायला लावतात का, निदान अधूनमधून खरा तबला असतो का, जमीन कसली आहे, हे विचारा. तिसऱ्या महिन्यात 'गॅदरिंगचा आयटम' बसवणाऱ्या ठिकाणाहून परत या. ऑनलाइन शिकणं अगदीच वाईट नाही, भाव आणि शास्त्र त्यात शिकता येतं, पण आवाज मागेपुढे पोचतो आणि गुरू-शिष्याची टाळी एका वेळी पडतच नाही. पहिलं वर्ष तरी समोर बसून शिका.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात का? द्या, पण सावकाश. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात आहेत, आणि मोठ्या माणसाला त्यांचा उपयोग एवढाच, की तारीख आली की रियाज होतो.

घुंगरू पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. तत्कार स्वच्छ पडायला लागला की एका पायाला ५० घ्या, १०० पुढे बघू. दोरीत गाठी मारून ओवलेले घ्या. कातडी पट्ट्यावर शिवलेले भरतनाट्यमवाल्यांचे. फरशीवर थेट रियाज करू नका, निदान जाड चटई टाका. रोज २० मिनिटं पुरे. पोटरी दुखली तर चालेल, गुडघ्याच्या आत किंवा टाचेखाली कळ आली तर त्याच दिवशी थांबा. मी थांबले नव्हते, आणि टाचेपायी दोन महिने घरी बसले.

गाणं कोणतं घेताय ते ठरलं की ताल मोजून इथे लिहा. कडव्यानंतर वाजवणं किती मात्रांचं आहे तेही सांगा, म्हणजे तिहाई कुठून उचलायची ते बघता येईल.