आजीच्या अंगठीतला लाल खडा गार्नेट निघाला. ज्योतिषी गोमेद घाला म्हणतात. दोन्ही एकच का? आणि शेतात घातला तर चालेल का?

कूळ एकच, खडे वेगळे. आजीच्या अंगठीतला बहुधा अल्मंडाइन, म्हणजे बाजारातला तामडा. गोमेद म्हणजे हेसोनाइट, मधाच्या किंवा गोमूत्राच्या रंगाचा. राहूसाठी गोमेद सांगितला असेल, तर तामडा त्याच्या जागी चालत नाही. तो माणकाचं उपरत्न, म्हणजे सूर्याचा. जानेवारीत जन्मलेल्यांनी गार्नेट घालायचा ही पाश्चात्त्य पद्धत. माझं तुमसरला दुकान आहे, खड्याची हमी देतो, ग्रहांची नाही.

गार्नेट म्हटलं की लालच, असं नाही. केशरी स्पेसार्टाइन असतो, हिरवे त्साव्होराइट आणि डिमँटॉइडही असतात, आणि हे हिरवे भलतेच महाग. त्साव्होराइट तर १९६७ साली टांझानियात सापडला. आपल्याकडचा तामडा बराचसा राजस्थानचा. आमच्या मँगनीज पट्ट्यातल्या गोंडाइट खडकातही स्पेसार्टाइन असतो, गोंडांवरूनच त्या खडकाला नाव पडलं. अधूनमधून कोणीतरी तसला दगड पुडीत बांधून आणतं, "पाहा ना भाऊ, किती येतील?" दाणे इतके बारीक की त्यातून खडा निघत नाही.

गोमेद घ्यायचाच असेल तर भिंगातून आत पाहा. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा हलते तसं आत काहीतरी वळवळताना दिसतं. गोल बुडबुडे दिसले तर काच समजा. लाल खड्याची शंका असेल तर सुटा खडा थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवून पाण्यात तरंगत सोडा आणि जवळ निओडिमियमचं चुंबक धरा. तामड्यात लोह असतं, त्यामुळे तुकडा चुंबकाकडे सरकतो. माणिक आणि साधी काच जागची हलत नाहीत.

शेतात मात्र घालू नका. एक ते दहाच्या मोह्स मोजपट्टीवर गार्नेटचा कठीणपणा साडेसहा ते साडेसात, आणि मातीतल्या वाळूत असलेल्या गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, सात. रोवणीत चिखल कोंदणात भरतो, त्यातले कण खड्यावर घासत राहतात आणि पैलूंच्या कडा बोथट होतात. सारवण, भांडी घासणं, यालाही अंगठी काढूनच ठेवा.

धुवायची तर कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश. पण आधी अंगठी उलटी करून पाहा. जुन्या अंगठ्यांत कोंदण मागून बंद असतं, आत चमकेसाठी वर्ख लावलेला असतो. त्यात पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो आणि खडाच मेला असं वाटतं. तशी असेल तर नुसत्या ओलसर फडक्याने पुसा. ठेवताना हिऱ्या-माणकांच्या दागिन्यांपासून वेगळी, कापडाच्या पुरचुंडीत.

अंगठी सैल-घट्ट करायची असेल तर सोनाराला खडा आधी काढायला सांगाच. फुंकणीची आच लागली की गार्नेट तडकतो.