आई रुसल्या नसतील, आधी कान तपासा

न्यू जर्सीच्या एका ताईंचं पत्र बरंच मोठं आहे. आई वर्षभरापासून नाशिकला गंगापूर रोडवरच्या वृद्धाश्रमात आहेत. भावाशी पैशांवरून कुरबुर, हयातीच्या दाखल्याची काळजी, ‘आईला असं ठेवलंतच कसं’ म्हणणारी मावशी, सगळं त्यात आहे. मी थांबले ते या ओळींवर: ‘आई फोनवर नुसतं बरं, बरं म्हणते आणि दोन मिनिटांत ठेवते. जेवतानाही कोणाशी बोलत नाही म्हणे. ती माझ्यावर रुसली आहे. आता मी महिन्यातून एकदाच फोन करते.’

ताई, तुमचा जीव तुटतो हे कळतं. आपण सगळेच त्या एका फोनवर आठवडा काढतो. पण फोन कमी केलात हे बरं नाही केलंत. रुसवा ठरवण्याआधी आईंचे कान कोणी तपासलेत का? एवढ्या पत्रात कानाबद्दल एक शब्द नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार साठीपुढच्या 65 टक्क्यांहून अधिक लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू कमी येतं. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, फ, थ निसटतात, मग बोलणं ऐकू येतं पण उमगत नाही. माणूस दोनदा ‘काय?’ विचारतो, तिसऱ्यांदा संकोचतो आणि ‘बरं’ म्हणून सोडून देतो. पंखे, ताटांचा खणखणाट, वर टीव्ही, अशा हॉलमध्ये तर त्याला काहीच लागत नाही.

माझ्या सासूबाई नाशिकच्या रविवार कारंजाच्या, अखंड बोलणाऱ्या. आश्रमात गेल्या आणि गप्प झाल्या. घरात सगळ्यांनी ती उदासीच मानली. नणंदेने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर एका कानातून मळाचा खडा निघाला आणि दुसऱ्याला ऐकण्याचं यंत्र लागलं. महिन्याभरात त्यांनी शेजारच्या आजींशी कडाकडा भांडण केलं. आम्हाला केवढा आनंद झाला!

तेव्हा भावाला सांगा, आधी डॉक्टर, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. यंत्र आणलं की मात्र खरं काम सुरू होतं, कारण बरीच यंत्रं कपाटातच राहतात. छोटी बॅटरी साधारण आठवडाभर ते दहा दिवस चालते, आणि तिच्यावरचा स्टिकर काढला की वापरली नाही तरी उतरू लागते. बोटं थरथरत असतील तर बॅटरी न बदलता चार्ज करता येणारं यंत्र घ्या. सकाळी कोणी घालायचं, रात्री कोणी पुसून डबीत ठेवायचं, हे आश्रमातल्या मदतनीस बायकांशी नावानिशी ठरवा. सुरुवातीला रोज थोडेच तास, तेही शांत खोलीत. माझ्या सासूबाईंनी पहिले काही दिवस ते सारखं काढून ठेवलं होतं, म्हणून सांगते.

तुम्ही रविवारी सकाळी 10 ला फोन करता तेव्हा तिथे संध्याकाळ असते, जेवणाची आणि मालिकांची वेळ. त्याऐवजी शनिवारी रात्री करा, नाशिकला रविवारची सकाळ असेल. व्हिडिओ कॉल असेल तर उजेड तोंडावर घ्या, सावकाश बोला, ओरडू नका. ओरडल्याने शब्द आणखी फाटतात.

बाकीचं थोडक्यात. हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोबाईलला चेहरा दाखवून करता येतो, आईंच्या पेन्शनला चालतो का, ते भावाने बँकेत विचारावं. ‘कसं ठेवलंत’ म्हणणाऱ्या तुमच्या मावशींना उत्तर देत बसू नका. आणि यंत्राचं बिल तुम्ही भरा, धावपळ भाऊच करणार आहे.