पशुवैद्यकीय दवाखान्यातले भूलयंत्र शिकताना सुरुवात कशापासून करावी?

माझ्या मते सुरुवात गळती तपासण्यापासून करावी. पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) बंद करून, नळीचे रुग्णाकडील तोंड अंगठ्याने दाबून ऑक्सिजन सोडावा, दाबमापकाचा काटा पाण्याच्या 30 सेंटिमीटरवर आणावा आणि तो किमान 10 सेकंद तिथेच टिकतो का, हे पाहावे. मग अंगठा काढण्याआधी व्हॉल्व्ह उघडावा, कारण तो चुकून बंद राहिला तर वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि लहानशा मांजराचे फुप्फुस थोड्याच वेळात फाटू शकते. ही सवय हाताला लागेपर्यंत एकट्याने भूल देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. यंत्रातला सोडा लाइम, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे, वापरून जांभळा झाला तरी रात्रभरात पुन्हा पांढरा दिसू शकतो. म्हणून केवळ रंगावर न विसंबता वापराचे तास लिहून ठेवावेत.