इसबाच्या मुलाचं घरही तपास

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. ओपीडीत रांग दारापर्यंत असते, ठाऊक आहे. तरी इसबाचं मूल समोर आलं की त्याची कातडी बघून झाल्यावर आईला विचार, रात्री याच्याजवळ कोण जागतं?

वेल्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९८ मध्ये यासाठी दहा प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. घरकाम, स्वयंपाक, घरातल्या इतरांची झोप, खर्च, थकवा, आपसातले संबंध, सगळं त्यात आहे. गुण ३० पैकी, आणि जितके जास्त तितका घराला त्रास जास्त. त्याच्या आदल्या वर्षी मेलबर्नच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र इसब असलेल्या मुलांच्या घरांवरचा ताण इन्सुलिनवरच्या मधुमेही मुलांच्या घरांपेक्षा जास्त आढळला होता. आणि आपण मात्र 'साधं इसब आहे' म्हणून मोकळे होतो!

आपल्या नागपूरचं घर बघ. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, लाइट गेली की कूलर बंद. घाम आला की पोर गुडघ्यामागे, कोपराच्या घडीत ओरबाडत सुटतं. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तीच कातडी फुटते. आई त्याचे हात धरून बसते. बापाला पहाटे बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट, पण खोली एकच, म्हणून तोही जागाच. मोठ्या बहिणीचं तर कोणी विचारतच नाही. ती शाळेत पेंगते. वर सासूबाई म्हणतात, "तूच काहीतरी खाल्लं असशील." वांगं बंद, आंबट बंद, अंडी बंद, असं करत करत पोराचं वजन उतरतं. शेजारीण आपलं लेकरू बाजूला ओढते. म्हणून आजीलाही आत बोलाव आणि तिच्यासमोरच सांग की हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, यात सुनेचा काही दोष नाही. मग आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं काम आजीकडेच सोपव. मी सांगते, बहुतेक आज्या ते मनापासून करतात.

स्टेरॉइडच्या मलमाची आईला भीती वाटते, आणि ती उगाच नाही. चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमांनी बिघडलेले चेहरे तिने पाहिलेत. रागावू नकोस. तिच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ काढून दाखव: एवढं म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. महागडी लोशनं लिहू नकोस; थंडीत साधी पेट्रोलियम जेली चालते, उन्हाळ्यात ती चिकटते तेव्हा हलकं क्रीम.

भंडारा-गोंदियाहून आलेल्यांची एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते. ट्यूब किती दिवस पुरेल हे तिथेच मोजून दे. जखमेतून पाणी सुटलं, पू झाला किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात जायचं, हे चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिही.

तुझी,
मॅडम