कोकणातल्या गावाबाहेर सहा टोकांच्या ताऱ्याची आणि मराठी अक्षरांची थडगी आहेत, ती कोणाची?

तुम्ही लिहिलंय की अलिबागहून आत एका छोट्या गावात गेला होतात, वाडीच्या मागे झुडपांत काही थडगी दिसली, काहींवर सहा टोकांचा तारा, वर एक न कळणारी लिपी आणि खाली चक्क मराठीत '-कर' आडनाव. ही थडगी बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची. न कळणारी लिपी हिब्रू. माझं घर अशाच एका दफनभूमीला लागून आहे आणि तिथल्या पाट्या वाचायचा मला नाद आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत ही मंडळी कित्येक पिढ्या गावोगाव राहिली. घाण्यावर तेल काढणं हा मुख्य धंदा. शनिवारी शब्बाथ, म्हणजे धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. बोलणं मराठी, बायका नऊवारीत, जेवणात भात, नारळ आणि मासे. मासा मात्र खवल्यांचा आणि परांचाच. कोळंबी, चिंबोरी वर्ज्य. मुलग्यांची आठव्या दिवशी सुंता, आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगाला 'शेमा इस्राएल' ही एकच प्रार्थना, कारण बाकीच्या प्रार्थना विस्मरणात गेल्या होत्या. हे शेवटचं लक्षात ठेवा, थडगी वाचताना उपयोगी पडेल.

त्यांची मूळकथा अलिबागच्या उत्तरेला, किहीमजवळच्या नवगावची. चौल बंदराकडे निघालेलं गलबत तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेली प्रेतं गावाजवळ पुरली, पुरुषांची एकीकडे आणि बायकांची एकीकडे. ते दोन उंचवटे अजून दाखवतात, शेजारी स्मारकस्तंभही आहे. हे घडलं कधी याला लेखी पुरावा नाही. ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचा काळ समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मांडला, तो परंपरेच्या आधारावर. समुद्रातून वाहून आलेले चौदा जण हा आकडा चित्पावनांच्या परशुरामकथेतही येतो. त्यावरून कोणी कोणाचं उचललं असा वाद घालणारे भेटतील. माझ्या मते एकाच किनाऱ्यावर शेजारी राहणाऱ्या दोन समाजांच्या कथा एकमेकींत मिसळल्या तर त्यात नवल काहीच नाही.

आता तुमच्या थडग्यांकडे येतो. तुम्ही विचारलंय की निम्म्या दगडांवर काहीच का लिहिलेलं नाही, खोडून टाकलंय का. तसं नाही. जुन्या थडग्यांवर अक्षरं नव्हतीच. दगड रचायचे, फार तर उशाला एक उभा धोंडा. कोण कुठे आहे ते घरच्यांना माहीत असायचं, तेवढं पुरे. हिब्रू वाचता येणारे फार थोडे होते. मुंबईतली पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग, यहुद्यांचं प्रार्थनास्थळ (कोकणात सिनेगॉगला मशीदच म्हणायचे), १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधली. कंपनी सरकारच्या पलटणीत असताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते, तिथून सुटले म्हणून. पुढे कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हागादा नावाची पोथी १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह निघाली. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ १८४८ चं (आजची इमारत १९१० ची), पनवेलचं १८४९ चं, पेणचं १८६३ चं. एकदा लिहिता-वाचता येऊ लागलं की दगडही बोलू लागले, पण ते सगळे एकोणिसाव्या शतकातले आणि त्यानंतरचे. तेव्हा बिनअक्षरी थडगं दिसलं की ते गरिबाचं असं समजू नका, बहुधा ते जुनं असतं.

लिहिलेली पाटी वाचायची कशी? मराठी आणि हिब्रू मजकूर एकमेकांचं भाषांतर असतात असं गृहीत धरलंत तर फसाल. दोन्हींची कामं वेगळी असतात. हिब्रूत माणसाचं धार्मिक नाव, 'बेन' म्हणजे अमक्याचा मुलगा किंवा 'बत' म्हणजे अमक्याची मुलगी, आणि मृत्यूची तिथी. मराठीत घरात हाक मारायचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, कधी वय, कधी हुद्दा. शमुवेलचे सामाजी झालेले, यहेज्केलचे हसाजी, अब्राहामचे आबाजी. एकाच दगडावर वर शमुवेल आणि खाली सामाजी बघून ही दोन माणसं समजू नका.

आमच्याकडे इस्राएलहून एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, पणजीचं थडगं शोधत. बाईंचं मराठी खणखणीत, अगदी आमच्या आजीच्या वळणाचं, पण वाचायची सवय सुटलेली. मुलाला हिब्रू झरझर वाचता येत होतं, मराठीचा गंध नाही. मला मराठी येतं, हिब्रूतली चार अक्षरं ओळखता येतात. चुन्याच्या लांबट ओट्याच्या उशाला संगमरवराची पाटी, एक कोपरा उडालेला, अक्षरांत भरलेलं शिसं बरंचसं निघून गेलेलं. मुलगा म्हणाला, 'रिव्का, मोशेची मुलगी.' बाई म्हणाल्या, 'छे, पणजीचं नाव रिबकाबाई.' मी खालची ओळ वाचली, नवऱ्याचं नाव आणि गाव जुळलं. मग रिव्का आणि रिबका एकच हे त्यांच्या ध्यानात आलं. पणजीच्या वडिलांचं नाव मोशे होतं हे मात्र घरात कोणालाच माहीत नव्हतं, ते त्या हिब्रू ओळीनेच सांगितलं. बायकांची माहेरची बाजू शोधायची असेल तर म्हणूनच आधी हिब्रू ओळ बघावी. मराठी ओळ बाईला नवऱ्याच्या घरची करून टाकते.

आडनाव हा दुसरा धागा. बेने इस्राएलांची गावावरून पडलेली आडनावं शंभराहून अधिक आहेत. किहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, पेझारकर, आवासकर, थळकर, सगळी याच पट्ट्यातली. शहरात गेल्यावर पुष्कळांनी 'कर' टाकलं आणि वडिलांचं किंवा आजोबांचं नावच आडनाव केलं. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते १९३७-३८ चे मुंबईचे महापौर एलायजा मोझेस हे मूळचे राजपुरकर. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, १९६६ च्या पद्मश्री, त्यांच्या नावात झिराड गाव तसंच राहिलंय. इस्राएलहून येणाऱ्यांच्या पासपोर्टवर बऱ्याचदा नुसतं सॅम्युएल किंवा बेंजामिन असतं, आणि गाव कुठलं ते कोकणातली पाटी सांगते. एक इशारा: ज्या गावात थडगं आहे तेच आडनावाचं गाव असेल असं नाही. पेणकर रेवदंड्याला पुरलेला असू शकतो, कारण पेणबाहेर गेल्यावरच त्याला कोणीतरी पेणकर म्हटलं असणार.

तारखेचं गणित वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. हिब्रूत अक्षरंच आकडे असतात. समजा ताव, रेश, आयिन अशी तीन अक्षरं आहेत: ४०० + २०० + ७० = ६७०. वरचे पाच हजार लिहायची पद्धत नाही, ते धरायचे, म्हणजे ५६७०. नुसत्या ६७० मध्ये १२४० मिळवले की १९१०. नवीन वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिश्री महिन्याला सुरू होतं, म्हणून तिश्री, हेश्वान, किस्लेव हे महिने असतील तर साधारणपणे एक वर्ष कमी करायचं. महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेलं, आपल्या पंचांगाप्रमाणेच. १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो, तेव्हा अदार महिना दोनदा असतो. वर्षश्राद्धाचा दिवस तिथीने धरायचा हेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावं लागत नसे. आणखी एक: यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री वारलेल्या माणसाची हिब्रू तिथी आणि मराठी तारीख यात म्हणून एका दिवसाचा फरक दिसतो. ती कोरणाऱ्याची चूक नव्हे.

अगदी वर पे आणि नून ही दोन अक्षरं बऱ्याचदा असतात, 'इथे पुरलं आहे' याचं लघुरूप. अगदी खाली पाच अक्षरं असली तर ती बायबलमधल्या शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातल्या वचनावरून घेतलेली प्रार्थना, याचा जीव जिवंतांच्या सोबतीत बांधलेला राहो अशा अर्थाची. आशीर्वाद देणारे दोन हात कोरलेले मात्र इकडे सहसा सापडणार नाहीत. ती कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्याची खूण, आणि बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन-लेवी घराणी नाहीत. काही पाट्यांवर सुभेदार, जमादार दिसेल. मुंबई इलाख्याच्या पलटणींत हे लोक बरेच होते.

'आता कोणी येत नाही का?' हा तुमचा शेवटचा प्रश्न. मुंबईकडे सरकणं तर अठराव्या शतकापासूनच चालू होतं. १९४८ नंतर इस्राएलची वाट धरली. तेव्हा भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते, आज चार-पाच हजार उरलेत आणि तेही बहुतेक मुंबई, ठाणे, पुण्यात. डिमोना, अश्दोद, लोद, बेरशेवा इथे त्यांची वस्ती आहे, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिकडून निघालं. तिथे सगळं सुखाचं होतं असंही नाही. लग्नाच्या वेळी त्यांच्या यहुदी असण्यावरच तिथल्या धर्मगुरूंनी शंका घेतली आणि १९६४ पर्यंत त्यासाठी भांडावं लागलं. ते भांडण चाललं होतं तेव्हाच इकडच्या दफनभूमीतल्या पाट्या तुरळक होत गेल्या. आमच्या मागच्या जमिनीत साठच्या दशकानंतरच्या पाट्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

येणारे येतात, बहुतेक हिवाळ्यात. अलिबागचं सिनेगॉग, सागावजवळचा तो खडक (त्यावरचे ओरखडे म्हणजे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाची चाकोरी असं मानतात; तिथे पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून मलिदा हा नैवेद्य करतात), नवगाव, आणि मग आपापलं गाव. भीती वेगळीच आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्यांसकट बोट येते, जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेलेत, आणि ज्या जागेवर हक्क सांगायला गावात कोणी राहत नाही तिची हद्द दर पावसाळ्यानंतर थोडी थोडी आत येते. आमच्या इथला बांध असाच वावभर सरकलाय. कोणी सरकवला ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

तुम्हाला परत जायचं असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारी गेलात तर आरशाने बाजूने उजेड पाडा, किंवा पाटीवर नुसतं पाणी शिंपडा. खडू, तेल, ॲसिड, तारेचा ब्रश काही नको. संगमरवर त्याने खराब होतो. शनिवारी जाऊ नका. निघताना थडग्यावर एक छोटा खडा ठेवायची आणि बाहेर पडल्यावर हात धुवायची रीत आहे. फोटो काढताना पूर्ण पाटीचा एक, हिब्रू मजकुराचा जवळून एक, मराठीचा एक, आणि शेजारच्या दोन्ही थडग्यांसह एक असे घ्या, कारण नवरा-बायको, भाऊ-भावजय बऱ्याचदा लागून असतात आणि अर्धं नातं शेजारच्या दगडावर सापडतं. इथे टाकलेत तर मराठी भाग मी लावून देईन, वर्षाचं गणितही करून देईन. पूर्ण हिब्रू वाचणारे मात्र अलिबागच्या सिनेगॉगमध्ये विचारून गाठावे लागतील.